तात्यांना फ्लॅट पसंत पडेना

यवतच्या अलीकडे आमची जीप ट्रॅफिकमध्ये अडकली होती, तेव्हा एजंटचा फोन आला.

“मॅडम, तो लोणी काळभोरचा फ्लॅट गेला.”

“गेला म्हणजे?”

“काल संध्याकाळी दुसऱ्या पार्टीने टोकन दिलं. ओनर तरी किती दिवस थांबणार?”

मागच्या सीटवर पुणतांब्याचे मामा बसले होते. एजंटचा आवाज मोठा, त्यांना सगळं ऐकू गेलं. “गेला? फ्लॅटला काय पाय फुटलं व्हय?” ते म्हणाले आणि जीपमधले सगळे हसले. मला हसू आलं नाही. रविवार होता, उन्हाने डोकं दुखत होतं, आणि असा हातातून गेलेला हा काही पहिला फ्लॅट नव्हता.

पुढच्या सीटवर तात्या होते. घर त्यांच्याच मुलासाठी बघत होतो. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, “कडंला घे. च्या घिऊ आन् फिरू माघारी.”

मी सिव्हिल इंजिनीअर. श्रीगोंद्यात माझं ऑफिस आहे. पूर्वी घरांचे प्लॅन काढायचे, दिवसभर बांधकामावर उभी असायचे. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून बँकांसाठी व्हॅल्युएशन करते. म्हणजे बँक कर्ज देण्याआधी एक माणूस पाठवते. तो घर बघतो, मोजतो, ओल कुठे आहे, तडा कुठे आहे ते तपासतो आणि त्या घराची खरी किंमत सांगतो. तो माणूस मी. गिऱ्हाइकाबरोबर पुण्यात घरं शोधत हिंडणं हे माझं काम नाही. पण काष्टीचं तात्यांचं घर मीच बांधलेलं. ऐसपैस खोल्या, पुढे मोठा ओटा, मागे लिंबाची बाग. त्या ओळखीवर ते ऑफिसात येऊन बसले. “तुमी नुसतं बघायचं, म्याडम. भित्तीतलं तुमाला कळतं. बाकीचं आमी बगतो.”

बाकीचं ते बघणार होते, तिथेच सगळं घोडं अडलं.

तात्यांचा मुलगा सचिन हडपसरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. सून मनीषा तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये नर्स. दोघं एका खोलीत राहायचे. मालकाने आधीच बजावलं होतं, दोघंच राहायचं, तिसरं माणूस नको. त्यात मनीषाच्या नाइट शिफ्ट. त्यामुळे त्यांची मुलगी, आरोही, दुधाचे दात यायच्या वयापासून काष्टीला आजी-आजोबांकडे. ती मनीषाला ‘पुण्याची मम्मी’ म्हणायची. आई म्हणायची आजीला. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. त्याच्या आत स्वतःचं घर झालं, तर आरोही आणि तिला सांभाळायला काकू, म्हणजे तात्यांची बायको, दोघी पुण्याला जाणार असं ठरलं होतं. नाही झालं, तर पोरगी काष्टीच्याच शाळेत जाणार. एकदा शाळा सुरू झाली की मधेच काढणं होत नाही, हे मनीषाला पक्कं माहीत होतं.

आम्ही सुरुवात हडपसरपासून केली. तिथल्या सेल्स ऑफिसातल्या मुलीने गार पाणी दिलं आणि एरिया सांगितला. मी तात्यांना समजावलं, “ती सांगतेय तो सेलेबल एरिया. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज, सगळ्याचा हिस्सा धरलाय. घरात सतरंजी अंथरता येईल ती जागा वेगळी. तिला कार्पेट म्हणतात. ती बरीच कमी आहे.”

“म्हंजी जिन्याचं पैसं आपन द्यायचं आन् झोपायचं घरात?” तात्या म्हणाले. ते ऑफिसातून उठले ते थेट जीपमध्ये जाऊन बसले.

मग मांजरी. मग लोणी काळभोर. बजेट जसजसं खरं बोलायला लागलं तसतसे आम्ही सोलापूर रोडने मागे मागे सरकत होतो. सचिन एकदा वैतागून म्हणाला, “मॅडम, असंच चाललं तर दौंडला फ्लॅट घ्यावा लागेल. मग नदी ओलांडली की आपलं घरच आहे.”

मांजरीत एक फ्लॅट खरोखर चांगला होता. सेकंडहँड, पण भिंती कोरड्या, पाणी भरपूर, मालक सरळ. मी तात्यांना म्हटलं, घ्या. तात्या म्हणाले, “मामाला दाखवल्याबिगर कसं? उद्या म्हनंल, मला इचारलं न्हाई.” मामा म्हणजे काकूंचे भाऊ. त्यांच्या उसाला तेव्हा तोड आली होती. टोळी फडात असताना मालकाने गाव सोडणं अशक्य. तोड संपून मामा पुणतांब्याहून निघेपर्यंत तिथे दुसऱ्याची वास्तुशांत झाली होती.

मामा आले तेव्हा चुलते नव्हते. चुलते आले तेव्हा लग्नसराई. एका फ्लॅटचं दार दक्षिणेला निघालं, एकात संडास स्वयंपाकघराला चिकटून, एकात खाली गाडी लावायला जागा नाही. जीपमध्ये कायम एक गृहस्थ असायचे, त्यांचा या कुटुंबाशी नेमका संबंध काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण नापसंतीला तेही हजर. जमीन अशीच घेतात गावाकडे. सगळ्या भावकीच्या डोळ्यांखालून घालतात, चार वर्षं चर्चा करतात, तोवर जमीन आहे तिथेच पडून असते. फ्लॅटचं तसं नसतं, हे मी सांगून सांगून थकले. हात टेकले मी.

तर त्या रविवारी यवतला चहाच्या टपरीवर मनीषाचा फोन आला.

“मॅडम, मी बिल्डिंगच्या गेटवर उभी आहे. नाइट करून थेट आलेय. तुम्ही कुठवर पोचलात?”

मी सांगितलं. फ्लॅट गेला, आणि गाडी इथूनच परत फिरतेय. मामांना रात्रीच्या आत पुणतांबा गाठायचं होतं. मी तात्यांना म्हटलंही होतं की एवढं आलोय तर पोरीची आईशी भेट घडवू. ते म्हणाले होते, “आता म्होरं जाऊन काय करायचं? पुढल्या आयतवारी बघू.”

तिने विचारलं, “आरोही आहे का गाडीत?”

“आहे. काकूंच्या मांडीवर झोपलीय.”

“मग उठवू नका,” ती म्हणाली. “मॅडम, पुढच्या वेळी आपण दोघीच जाऊ. चालेल?”

“हे काम मला तात्यांनी सांगितलंय, मनीषा. मी त्यांच्यापासून लपवणार नाही.”

“लपवू नका ना. विचारलं तर सांगा. फक्त त्यांना विचारायचं सुचायच्या आत बघून घेऊ.”

मला तिचा हा हिशेब आवडला. खरं सांगायचं तर तात्यांच्या जीपपेक्षा काहीही आवडलं असतं.

त्याच आठवड्यात, मधल्या वारी, मी दौंडहून रेल्वेने उरुळी कांचनला उतरले. मनीषा नाइट करून, कपडे बदलून आली होती, डोळे लाल. स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर एक जुनी इमारत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर. मालक रिटायर्ड मास्तर होते, मुलाकडे कायमचे निघालेले.

मी माझं काम केलं. नळ सोडले. बाथरूमच्या भिंतीवर हात फिरवला, ओल होती, पण वरच्या टाइल्सच्या सांध्यातली, दुरुस्त होण्यासारखी. गच्चीवर जाऊन वॉटरप्रूफिंग बघितलं. कॉलम बरे होते. इमारतीला ओसी होती, म्हणजे लोकांनी तिथे राहायची सरकारी परवानगी. ती नसेल तर बँक दारात उभं करत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी येतं, टँकर मागवावा लागतो, हे मास्तरांनी न विचारता सांगितलं. दार दक्षिणेलाच होतं.

“संध्याकाळी अजून एक जण येणार आहेत,” मास्तर म्हणाले. “ते गुंतवणूक म्हणून घेतायत. तुम्ही राहणार असाल तर मी तुम्हाला देईन. पण आजच सांगा.”

मनीषा मला गॅलरीत घेऊन गेली. “मॅडम, तुम्ही माझ्या जागी असतात तर घेतलं असतं का?”

“मी नसतं घेतलं. जिने आहेत, पाण्याची बोंब आहे.”

तिचा चेहरा पडला.

“पण मला घर आहे,” मी म्हटलं. “माझी मुलगी लहान असताना माझ्याजवळ होती. मला विचारू नकोस.”

तिने सचिनला फोन लावला. त्याचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, तिचं येत होतं. “नाही, विचारू नको. सांग. विचारणं आणि सांगणं वेगळं आहे, सचिन.” मग आत जाऊन तिने तिच्या पगारातून साठवलेल्या पैशांतून मास्तरांना टोकन दिलं. मास्तरांनी सरबत केलं. परत जाताना ती ट्रेनमध्ये बसल्याबसल्या झोपली, हडपसरला मलाच तिला हलवून उठवावं लागलं. मी उगाचच तिच्याबरोबर तिथपर्यंत गेले होते.

तिसऱ्या दिवशी तात्या माझ्या ऑफिसात. एकटेच.

“म्याडम, आमाला न इचारता?”

“मी बघितला फ्लॅट. भिंती बऱ्या आहेत. ओल दुरुस्त होईल. किंमत वाजवी आहे.”

“मामा रुसून बसलाय. त्येला काय तोंड दाखवू?”

“मामांना वास्तुशांतीला पहिलं आमंत्रण द्या.”

“दार दक्षिनंला हाय म्हनं.”

“हो, आहे.”

“पान्याचा टँकर लागतो.”

“लागतो, उन्हाळ्यात.”

“तिसरा मजला. हिला गुडघ्याचा तरास हाय. चढायची कशी?”

कर्ज मंजूर होण्यासारखं होतं, पण वरची रक्कम तात्या घालणार होते. तो त्यांचा हिस्सा आला नाही तर व्यवहार मोडणार होता आणि मनीषाचं टोकन बुडणार होतं. मला तात्यांचा राग आला. मी फटकन बोलले, “तात्या, तुम्हाला हडपसरचं पटलं नाही, मांजरीचं पटलं नाही, लोणीचं पटलं नाही. प्रत्येक भिंतीत तुम्हाला काहीतरी दिसतं. नक्की कसलं घर हवंय तुम्हाला?”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या टेबलावरचा पेपरवेट उगीच इकडचा तिकडे केला.

“कसलंच नको,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

“घर झालं की पोरगी जानार. तिच्यामागं हीबी जानार, पोरगी सांभाळाया. मंग ऱ्हायलं कोन? मी. तुमी बांधलं न्हवं एवढं मोठं, त्यात मी एकट्यानं काय करायचं? सांजच्याला पोरगी दारात बसती. पान्याची मोटार बंद करून आलो की आवाज देती, तात्या आलं, तात्या आलं. ती गेल्यावर मी मळ्यातनं घरी कशाला यायचं, सांगा.”

त्यांना रडू आलं नाही. इतके महिने मी त्यांना कार्पेट आणि सेलेबल समजावत होते. मामा, चुलते, ते अनोळखी गृहस्थ, सगळे त्यांनी गोळा केले होते ते घर बघायला नव्हे. कुणीतरी नाही म्हणावं म्हणून.

“तात्या,” मी म्हटलं, “तिची आईसुद्धा इतकी वर्षं अशीच रिकाम्या खोलीत येतेय. नाइट करून.”

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “म्हाईत हाय म्हनून तर तोंडानं कवा बोललो न्हाई.”

चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. जाताना दारातून विचारलं, “त्या गॅलरीला जाळी हाय का? पोरगी लई वर चढती.”

“नाही. बसवून घ्यावी लागेल.”

“मंग आधी ती बसवा,” ते म्हणाले आणि गेले.

व्यवहार झाला. जाळी तात्यांनी स्वतः काष्टीच्या फॅब्रिकेटरकडून करून नेली, गरजेपेक्षा जाड. वास्तुशांतीला मामा आले, जेवले, जिन्यांवरून बोलले. जूनमध्ये आरोही उरुळीच्या शाळेत जाऊ लागली. काकूंचे गुडघे दुखतात. मनीषाने नाइट कमी करून घेतल्या. तात्या महिन्यातून एखाद्या रविवारी रेल्वेने जातात आणि गाईंची धार काढायची म्हणून संध्याकाळच्या आत परततात. परवा भेटले तेव्हा मी विचारलं, कसं चाललंय. म्हणाले, “झ्याक. पोरगी आता मनीषालाच आई म्हनती.” मग म्हणाले, “आमच्या हिला काष्टीची आई म्हनती.” आणि हसले, पण त्या हसण्यात दम नव्हता.

अजूनही लोक येतात. मॅडम, पुण्यात घर बघायचंय, नुसतं चला. मी आता बजेट नंतर विचारते. आधी विचारते, हे घर मिळालं तर कुणाचं रिकामं होणार आहे? बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. उत्तर आलं नाही, तर मी रविवार मोकळा ठेवत नाही.