ठमाबाईचं फडकं

पेठच्या गॅरेजवर पाटी सावळेरामची होती, पण हात ठमाबाईचे झिजत होते. इंजिन खोलायचं, जोडायचं आणि गिऱ्हाइकाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, हे सावळेरामचं काम. सुटे भाग धुवायचे ते त्याच्या बायकोने, ठमाबाईने. तिचं माहेर आणे पठारावरचं. तिकडे हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावं लागायचं. लग्न होऊन पुणे-नाशिक रस्त्यावर पेठला आली, ती रॉकेलातच हात घालून बसली. "तिकडं पाणी न्हवतं, हितं रॉकेल लई," असं म्हणायची, पण हसायची नाही. भाकऱ्या थापायच्या आधी राखेने हात घासायची, तरी भाकरीला वास यायचाच. मी त्यांच्याकडे जेवलोय, उगाच सांगत नाही.

मी गेणू, राजुरीच्या पोपटलाल शेठजींचा ड्रायव्हर. शेठजींचं कापडाचं दुकान, आणि वडिलांच्या वेळची एक विलायती गाडी. इंजिन मागे, डिकी पुढे. तिला रेडिएटरच नव्हता, सगळी मदार पंख्याच्या वाऱ्यावर आणि ऑइल कूलरवर. कूलर म्हणजे वीतभर उंचीचा, बारीक नळ्यांचा डबा. गरम ऑइल त्यातून फिरतं, निवतं आणि परत इंजिनात जातं. शेठजी स्वतःला एक सदरा कमी शिवतील, पण त्या गाडीला काही कमी पडू देत नसत.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात आणे घाटात तिचं बेअरिंग गेलं. टेम्पोत घालून पेठला आणली. सावळेरामने इंजिन खोललं आणि कपाळाला हात लावला. बेअरिंगचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे गेला होता. इंजिन पुसून काढता येतं, पण कूलरच्या नळ्यांत जे दडून बसतं ते सहजी निघत नाही. आणि तसाच कूलर परत लावला तर तोच चुरा नवं बेअरिंग खातो. शेठजींनी दोन महिने मुंबईत वणवण करून बेअरिंगचा एक जोड मिळवला. दुकानदार म्हणाला, हा शेवटचा. नवा कूलर मात्र कुठेच मिळाला नाही.

"हा जोड गेला की गाडी भंगारात," सावळेरामच म्हणाला होता.

म्हणून जुनाच कूलर धुवायचा ठरलं. ठमाबाईने तो रात्रभर रॉकेलात बुडवला, सोड्याच्या कढत पाण्यात घोळवला, मग ऑइल ज्या वाटेने जातं तिच्या उलट बाजूने रॉकेल ओतलं. लाकडाने ठोकायचं, हलवायचं, परत ओतायचं. बाहेर पडणारं रॉकेल ती पांढऱ्या फडक्यातून गाळायची. ही फडकी शेठजींच्या घरची. त्यांच्याकडे पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, आणि विरलेली फडकी सुमतीबाई, म्हणजे शेठजींच्या पत्नी, माझ्याबरोबर ठमाबाईला पाठवायच्या. फडक्यावर चमक दिसली की चुरा अजून आत आहे, असा सरळ हिशेब.

तीन दिवस तिचं हेच चाललं होतं. पाठ धरली, बोटांच्या भेगांतून रक्त आलं. तिसऱ्या दिवशी शेठजी स्टुलावर येऊन बसले. सावळेरामने फडकं उन्हात धरलं आणि म्हणाला, "सोच्छ. आता बसवतो."

मी त्याच्या मागेच उभा होतो. फडकं चमचम करत होतं.

वर्षभर मी बघत होतो. सावळेराम नट डोळ्यांनी शोधत नव्हता, बोटांनी चाचपत होता. दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. हे त्याला ठाऊक, ठमाबाईला ठाऊक आणि मला ठाऊक. आंधळ्या मिस्त्रीकडे गाडी कोण लावणार? शेठजींसमोर तोंड उघडावं तर सावळेरामची उभ्या जन्माची अब्रू जाते, न उघडावं तर गाडी जाते. मी काय केलं? गप्प बसलो. माझ्या तोंडाला कुलूप घालायला कुणाची गरज नसते.

ठमाबाई म्हणाली, "थांबा वाईच. माझा रॉकेलचा डबाच घाण व्हता. परत धुते."

सावळेराम वैतागला, पण शेठजींना घेऊन चहाला गेला. तिने आणखी दोनदा रॉकेल ओतलं. दोन्ही वेळा फडकं चमकलं. मग ती थोडा वेळ नुसती बसून राहिली. इतकी दमलेली बाई मी कधी पाहिली नव्हती. मग उठली, कूलर दगडावर ठेवला आणि हातोडीचे दोन घाव घातले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

दोघे परत आल्यावर म्हणाली, "हातातनं निसटला. दगडावर पडला."

"ठमे, अक्कल हाये का तुला?" सावळेराम रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. शेठजी ओरडले नाहीत, ते वाईट. "राहू द्या मिस्त्री," ते म्हणाले, "पण यापुढे आमचं काम बाईंच्या हातात देऊ नका."

महिन्याने पुण्याच्या जुन्या बाजारात एक कूलर सापडला. उभ्या उभ्या गंजलेल्या गाडीचा होता, तिचं इंजिन काही बिघडलेलं नव्हतं. सावळेरामने तो स्वतः धुतला, दोन धुण्यांत साफ झाला. त्याने फडकं उन्हात धरलं. ठमाबाई मागून घागर घेऊन चालली होती, तिने फडक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चा टाकू का?" तेव्हा मला हायसं वाटलं. गाडी अजून चालते.

पण "कूलर फोडणारी ठमाबाई" हे नाव पेठमध्ये चिकटलं ते चिकटलंच. ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे. एकदोनदा मीही हसलो.

दोन हजार तीनला सावळेरामच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नंतर मी ऑइल बदलायला गेलो, तर तो गॅरेज आवरत होता. रॉकेलच्या पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून तोच चेपलेला कूलर ठेवलेला होता. त्याने उचलला, फिरवून पाहिला आणि थांबला. पत्र्यावर दोन गोल खुणा होत्या. त्याच्याच हातोडीच्या.

त्याने कूलरमध्ये रॉकेल ओतलं, खालून थेंब थेंब आलं ते फडक्यात धरलं. फडकं चमचमलं.

"गेणू, तवा तुला हे दिसलं व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो. चार वर्षांनी.

तो फडकं हातात घेऊन घराच्या दारात गेला. मीही मागे गेलो. ठमाबाई चुलीपाशी बसली होती. तो फडकं पुढे धरून उभा राहिला. तिने पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"मला का देता?" ती म्हणाली. "तुमीच धुवा ते. मी लई धुतलं."