तीन पाण्यांनी धुतलेलं आतडं

माधवगंजातले गोपाळकृष्ण पुराणिक घासलेला कप पुन्हा विसळत, मग त्यात चहा घेत. पद्माबाईंनी पस्तीस वर्षं हा संसार कसा रेटला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पूर्वज दरबारी पुजारी होते. पूजा केव्हाच गेली, सोवळं तेवढं मागे उरलं. ते सोवळं घेऊन गोपाळकृष्ण थाटीपुरजवळच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात टेक्निशियन झाले. उंदरांच्या आतड्यांचे पातळ काप रंगवून काचेवर चढवायचे, हे काम. पुराणिकांच्या घरात हे कसं चालतं, असं कुणी विचारलं तर म्हणत, "हात धुता येतात."

त्यांच्या काचा लख्ख असत. पाहुणे आले की कॉलेजातले डॉक्टर त्याच काढून दाखवत. शेजारच्या टेबलावरचा दौलतसिंह जन्माचा आळशी. त्याच्या काचांवर नुसता चिखल, आणि वर तो बिनधास्त तंबाखू मळत बसलेला.

गल्लीतलीच मंजिरी तिथे पीएचडीला आली. आतड्याला आतून शेंबडासारखा बुळबुळीत थर असतो, तो तिचा विषय. जंतू भिंतीला भिडू नयेत म्हणून तो थर. खाण्यात चोथा असला की जंतू चोथ्यावर पोसतात, आणि त्यांचीच खूण मिळून भिंतीतल्या पेशी नवा थर सोडत राहतात. चोथा बंद झाला की उपाशी जंतू तो थरच खाऊ लागतात. गोपाळकृष्णांनी हे ऐकून नाक मुरडलं. देवाने माणसाला आतून असं का माखून ठेवावं, ते त्यांना पटेना.

तिचे गाइड डॉ. हेमेंद्र यांनी कामाची वाटणी केली. चोथा खाणारे उंदीर दौलतसिंहाकडे, बिनचोथ्याचे पुराणिकांकडे, कारण नाजूक काम भरवशाच्या हाती हवं. दोन वर्षांत निकाल आला तो डोळे दिपवणारा. चोथेवाल्यांचा थर जाडजूड, बिनचोथेवाल्यांचा साफ नाहीसा. थर पातळ होईल अशी सगळ्यांची अटकळ होती. तो मुळीच नाही, हा शोध डॉ. हेमेंद्रांचा. परिषदेत मंजिरीला बक्षीस मिळालं, प्रबंध लिहून झाला. बिनचोथ्याच्या उंदरांच्या शेवटच्या दोन तुकड्या तपासायच्या राहिल्या होत्या.

त्यातली पहिली आली तेव्हा गोपाळकृष्ण वडिलांच्या श्राद्धासाठी रजेवर होते. काम दौलतसिंहाने उरकलं. ते परतले तर मंजिरी काच हातात घेऊन उभी.

"काका, ह्या वेळी थर दिसतोय. पातळ आहे, पण पूरा आहे. असं कसं झालं?"

गोपाळकृष्णांनी दौलतसिंहाला विचारलं, आतड्याचा तुकडा धुतला कसा?

"धोता कौन है, पंडितजी?" तो म्हणाला. "काटा और सीधा घोल में डाल दिया।"

गोपाळकृष्णांनी आपली नोंदवही उघडली; धुण्याची नोंद तिच्यात कुठेच नव्हती. त्यांनी प्रत्येक आतडं आधी उभं चिरून नळाखाली तीन पाण्यांनी धुतलं होतं, घरी पालेभाजी धुवावी तसं. कुणी सांगितलं नव्हतं; सांगायला कशाला हवं? उंदरांनी दोन वर्षं जीव दिला, आणि यांनी त्यांचा थर मोरीत सोडला. आळशाच्या हातून विज्ञान वाचलं आणि सोवळ्याच्या हातून बुडालं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी ते तडक डॉ. हेमेंद्रांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मंजिरी मागे उभी होती. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. प्राध्यापकपदाची मुलाखत महिन्यावर आली होती.

"पुराणिकजी, आपका काम तो मिसाल है," ते म्हणाले. "गंदी स्लाइडें दौलतसिंह की हैं। उन्हें फेंक दीजिए। आखिरी लॉट आप ही कीजिए, जैसे हमेशा करते हैं।"

गोपाळकृष्णांनी मंजिरीकडे पाहिलं. निदान ही तरी आपली, असं त्यांना वाटलं.

"काका, एकच लॉट तर राहिलाय," ती खाली बघत म्हणाली. "धुऊन टाका नं. नाहीतर माझं पूरा साल जाईल."

त्यांनी धुतलं नाही. मळासकट तुकडे द्रावणात सोडले, दोन वर्षांच्या नोंदींत प्रत्येक ठिकाणी "नळाखाली धुतले" असं लिहून सही केली आणि वही टेबलावर उघडी ठेवली. त्या नोंदी परीक्षकांपर्यंत पोचल्या आणि प्रबंध अडला. परीक्षकांनी सगळे प्रयोग पुन्हा करायला लावले. मंजिरीचं एक नाही, दीड वर्ष गेलं. डॉक्टरांची मुलाखत मात्र त्याआधीच झाली होती, आणि ते प्राध्यापक झाले.

आता माधवगंजात लोक हळहळतात, पुराणिकांचा म्हातारपणी हात बिघडला, घाणेरडं काम करून पोरीचं नुकसान केलं. मंजिरीची आई सुलोचनाबाई हे देवळाच्या पायरीवर रोज कुणा ना कुणाला ऐकवतात. गोपाळकृष्ण बाजूने जातात, नमस्कार करतात आणि खुलासा करत नाहीत.