झबलं-टोपडं घेऊन कोडोलीला

माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग आधी कप खाली ठेवा. मागच्या खेपेला ही हकिकत ऐकताना आमच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला, आणि त्याच्या बायकोनं दोष मला दिला!

गोष्ट पंचाहत्तर सालाच्या आसपासची. मी मूळचा आजऱ्याचा. आई तिकडं, आणि मी नोकरीसाठी कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत भाड्याची खोली घेऊन. लग्न व्हायचं होतं. स्वभाव चौकस. म्हणजे मी चौकस म्हणतो, आई चोंबडा म्हणायची. रस्त्यात मांडव दिसला की कार्य कुणाचं, मुलगी कुठली, आचारी कोण, एवढं विचारल्याशिवाय माझी सायकल पुढं सरकतच नसे!

तर, हापिसात माझ्या शेजारच्या टेबलावर शशिकांत बसायचा. आम्ही सगळे त्याला शशी म्हणायचो. त्याला पहिला मुलगा झाला. बारसं बायकोच्या माहेरी, कोडोलीला. सगळ्या हापिसाला आमंत्रण!

"घर कसं सापडायचं रे?" मी विचारलं.

"सासरे चौगुले हायत माझे. एस्टीतनं उतर आणि आज ज्यांच्यात कार्यक्रम हाय त्या चौगुल्यांचं घर विचार. कोण बी दावंल."

बाकीची मंडळी दुपारच्या गाडीनं येणार होती. मी मात्र सकाळचीच गाडी धरली. का? अहो, कोडोलीत पाळणा कसा सजवतात, बायका काय काय म्हणतात, हे बघायला नको? महाद्वार रोडवरनं झबलं, टोपडं आणि खुळखुळा घेतला, पिशवीत घातला आणि निघालो.

कोडोलीच्या स्टँडवर पानवाल्याला विचारलं, "चौगुल्यांचं घर कुठं?"

"कंच्या चौगुल्याचं? निम्मं गाव चौगुलं हाय की!"

"ज्यांच्यात आज कार्यक्रम आहे."

त्यानं माझ्या इस्त्रीच्या पँटकडं बघितलं आणि एकदम हसला. "आसं व्हय! पावणं न्हवं तुमी? त्यो पिंपळ दिसतोय न्हवं, त्याच्या पल्याड. दारात रांगोळी हाय बगा."

रांगोळी होती. तोरणही होतं. सोप्यात जाजम अंथरलेलं, आणि त्यावर तांबडा फेटा बांधून एक दांडगा गृहस्थ बसलेला. मला बघताच तो उठलाच! "या या पावणं! कोल्लापूरचं न्हवं?"

"हो."

"हापिसात हायसा न्हवं?"

"हो हो."

"मग एकटंच आलासा?"

"बाकीची मंडळी मागनं येतायत."

बघा, एक तरी उत्तर चुकलं का माझं? नाही! पाय धुवायला पाणी आलं, टेकायला लोड आला. त्यांना घरात आबा म्हणत होते. मी मनात म्हटलं, शशीचे सासरे म्हणजे देवमाणूस. जावयाच्या मित्राचा एवढा मान!

"शशी कुठाय?" मी विचारलं.

आबा मिशीत हसले. "लगीच इचारलासा व्हय? आत हाय की. तयारी चाललीया."

आत बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी खुदकन हसलं. बारशाचं घर, बायका हसणारच. मी पुढं विचारलं, "आणि बाळ कसं आहे?"

"बाळ व्हय? बाळ तालमीत गेलंय."

मी मोठ्यांदा हसलो. पाळण्यातलं पोर म्हणे तालमीत! कोल्हापूरकडच्या माणसाची थट्टा, दुसरं काय? मीही थट्टेत सामील झालो. "दूध पितं का नीट?"

"न पिऊन? चरवीभर पितंय! आन् वर दंड मारतंय."

"वा! आणि नाव काय ठेवायचं ठरलंय?"

ह्यावर आबांचा चेहरा जरा गंभीर झाला. "नाव ठिवायला जागाच न्हाय, पावणं. गावात कुणालाबी इचारा."

आता सांगा, बारशाच्या घरात नाव ठेवायला जागा नाही म्हणजे काय? मला कुतूहल वाटलं. एखादी रीत असेल इकडची, म्हणून मी मनात नोंद केली.

तेवढ्यात एक पोक्त बाई पोहे आणि लाडू घेऊन आल्या. आबांची बहीण, घरात आत्या म्हणत त्यांना. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून ताट ठेवत म्हणाल्या, "खावा. समदं शशीच्या हातचं हाय."

मी घास हातात धरून बघतच राहिलो. शशीच्या हातचं? हापिसात ह्या माणसाला स्टोव्ह पेटवता येत नाही! आणि बारशाच्या दिवशी जावयाला चुलीपुढं बसवलंय?

"ही माज्या अंगातली बंडी बी शशीनंच शिवलीया," आबा म्हणाले.

"शिवणसुद्धा येतं?"

"तर! आन् सोभाव म्हंजे गाय. राग म्हणून कसला त्यो ठावं न्हाय."

आदल्याच आठवड्यात आमच्या शशीनं शिपायावर शाईची दौत फेकली होती. म्हणजे सासुरवाडीत किती दबून राहत असेल गरीब! मला त्याची कणव यायला लागली. घरोघरी जावयाचे लाड होतात, आणि इथं त्याच्याकडनं पोहे करून घेतायत, बंड्या शिवून घेतायत!

आबा अडकित्त्यात सुपारी धरून जवळ सरकले. आवाज हळवा झाला होता. "कितीबी लाड केलं तरी शशीला आमच्यात कुठवर ठिवून घेणार, सांगा? आज ना उद्या दुसऱ्याच्या घरात धाडायलाच लागणार. तुमच्यासारखा नोकरदार, सरळ माणूस गावला तर मी सुटलो बगा."

हात्तिच्या! असं आहे होय? जावई डोईजड झालाय, आणि ह्यांना तो माझ्याकडं पाठवायचाय! मित्रासाठी माझं काळीज भरून आलं.

"आबा," मी म्हटलं, "शशीची तुम्ही काळजीच सोडा. माझी खोली चांगली ऐसपैस आहे. शशीनं खुशाल माझ्याकडं यावं. अगदी उद्यापासून!"

आबांचे डोळे पाणावले. दाराआडनं आत्याबाई "आत्ता गं बया!" म्हणाल्या.

"पर पावणं, तुमच्या आईस्नी इचारायला नगो?"

"आईला काय विचारायचं त्यात?" मी छाती पुढं काढली. "शशीचा मुक्काम माझ्या खोलीवर काय पहिल्यांदा पडणार आहे? शेवटची गाडी चुकली की माझ्याकडंच! कितीदा राहून झालंय!"

सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली.

आत बांगड्या थांबल्या. गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली असावी, इतकी शांतता! आबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. काहीतरी बिनसलंय एवढं मला कळलं, पण काय ते कळेना. आता वातावरण हलकं करायचं तर काय करावं? मी पिशवीत हात घातला.

"अहो, असे गप्प का झालात? हे बघा, शशीच्या बाळाला काय आणलंय!"

आणि झबलं, टोपडं, खुळखुळा, सगळं आबांच्या मांडीवर ठेवलं.

"अगं आई गं!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "प्वार बी झालं?"

आबा सावकाश उठले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि दात आवळून म्हणाले, "माजं पायताण कुठं हाय?"

मला वाटलं, कुठं बाहेर जायचं असेल. म्हातारा माणूस, वाकायला नको म्हणून मीच धावलो. उंबऱ्याबाहेरनं ते पायताण उचललं आणि अदबीनं त्यांच्या हातात दिलं!

हसू नका. चांगलं करकरीत, जाड तळाचं कापशी पायताण होतं. आबांनी ते डोक्याच्या वर नेलं तेव्हा कुठं मला त्यांचा बेत समजला.

"आबा, थांबा!"

आतलं दार उघडलं आणि एक मुलगी बाहेर आली. हिरवी साडी, केसात अबोलीचा गजरा, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. "मारू नगा त्यास्नी. ह्ये आपलं पावणं न्हवंत. वरल्या आळीच्या चौगुल्यांच्यात आज बारसं हाय. त्यांच्या जावयाला बी शशीच म्हणत्यात."

"बी म्हणजे?" मी विचारलं. पायताण डोक्यावर असतानाही विचारलं बरं का!

"बी म्हंजे मी शशिकला. मला आज बगायला येणार हायत. आन् बाळ माजा थोरला भाऊ. खरंच तालमीत गेलाय."

पायताण खाली आलं. आबा मटकन जाजमावर बसले, मांडीवरचं टोपडं उचलून त्याच्याकडं बघत राहिले, आणि मग असे हसायला लागले की फेटा सुटला. मी हात जोडून उभा.

एवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. खरे पाहुणे! एकच धावपळ झाली. आत्याबाईंनी माझी पिशवी भरून माझ्या हातात कोंबली, दंडाला धरलं आणि स्वयंपाकघरातनं थेट परसात नेऊन उभं केलं. "ह्या वाटंनं सरळ जावा. वर पाळण्याची गाणी आयकू येतील. आन् आता काय इचारू नगा कुणाला!"

गुमान जायचं की नाही? पण स्वभाव! चार पावलं गेलो आणि परत आलो.

"आत्याबाई, एकच विचारतो. समजा मी खराच पाहुणा असतो, तर काय ठरलं होतं हो आत?"

आत्याबाईंना माझी दया आली असावी. हळूच म्हणाल्या, "नगो म्हणाली हुती शशी. तुमी पोहं खाताना खिडकीतनं बगितलं आन् तवाच म्हणाली."

"का पण?"

"म्हणाली, इतकं इचारतंय, पर मिळाल्याल्या एका बी उत्तराकडं ध्यान न्हाय."

घ्या! बारशाला गेलेला माणूस, मुलगी बघायला न जाता नापास होऊन आला! बारशाला पोचलो तेव्हा पोटात पोहे-लाडू गच्च, त्यामुळं शशीच्या सासूबाईंनी वाढलेलं जेवण जाईना, आणि त्या माउलीनं मनाला लावून घेतलं ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल, संपलं. कुठलं संपतंय?

दिवाळीला आई कोल्हापूरला आली. तिला मी हे सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, मग डोळे पुसून एकदम गंभीर झाली. "पोरगी हुशार आहे रे. अशीच सून पाहिजे मला. तुला सांभाळायला असलंच कुणीतरी लागणार!"

जीपवाल्यांचं काही जमलं नव्हतं, हे मी आधीच काढलं होतं. कसं काढलं ते विचारू नका. आणि खरं सांगायचं तर ती हिरवी साडी, ते डोळे पुसत हसणं माझ्याही मनातनं जात नव्हतं. शशीच्या सासऱ्यांमार्फत रीतसर स्थळ घातलं. मी नवा शर्ट शिवून घेतला. रोज सकाळी शशी हापिसात आला की मी त्याच्या तोंडाकडं बघायचो.

एका सोमवारी तो आला. टेबलाला रेलून उभा राहिला आणि सगळ्या हापिसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "निरोप आलाय रे कोडोलीहून. शशिकलेचा स्वतःचा. तिनं सांगितलंय तसाच्या तसा सांगू?"

"सांग की!"

"ती म्हणाली, त्या पावण्यास्नी सांगा, मागल्या टायमाला वळख न्हवती म्हणून न्हाय म्हटलं. आता चांगली वळख झालीया, म्हणून न्हाय!"