टस्कनीतलं स्वयंपाकघर आणि गॅरेजमधली शेगडी

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळींत कांचनकाकू दाबके यांच्या स्वयंपाकघराचं मोठं नाव होतं. त्यात आजवर चहासुद्धा झालेला नव्हता.

डॉक्टर बाळ दाबके भूलतज्ज्ञ म्हणून वूस्टरच्या हॉस्पिटलातून निवृत्त झाले ते २००५ साली, आणि त्याच वर्षी काकूंनी स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं. त्या काळात अमेरिकेत ज्याला त्याला आपण इटलीत, टस्कनीत राहावं असं वाटत होतं. मासिकांत तेच, टीव्हीवर तेच, फरशीच्या दुकानात तर दुसरं काही मिळतच नव्हतं. काकू इटलीला कधी गेल्या नव्हत्या. भारतात जाताना एकदा रोमच्या विमानतळावर विमान चुकलं म्हणून रात्रभर बसल्या होत्या, पण तिथून टस्कनी दिसत नाही. तरीही हौसेला मोल नसतं. जमिनीला विटकरी फरशी आली, छताला टांगलेल्या लोखंडी चौकटीत तांब्याची भांडी आली, कपाटांच्या माथ्यावर प्लास्टिकची द्राक्षं आणि एक लाकडी कोंबडा येऊन बसला. तेलात लाल मिरच्या घालून सीलबंद केलेल्या बाटल्या खिडकीत ओळीने उभ्या राहिल्या. बाळकाकांनी त्यातली एक उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा ती शोभेची आहे हे त्यांना नीट समजावून सांगण्यात आलं.

सगळ्यात जास्त कौतुक भिंतीचं होतं. नवीकोरी भिंत जुनाट दिसावी म्हणून एक रंगारी आठवडाभर स्पंजाने आणि चिंध्यांनी तिच्यावर पिवळे, तपकिरी डाग पाडत होता. एका कोपऱ्यात तर गिलावा पडून आतल्या विटा दिसताहेत असं त्याने हुबेहूब रंगवलं.

बाळकाकांनी चष्मा लावून पाहिलं. "वरच्या बाथरूमचा पाइप गळतोय का गं?"

"अहो, ती स्टाइल आहे," काकू म्हणाल्या.

पण सवय वाईट. रंगारी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शेगडीमागचा एक डाग काकूंना खुपला, आणि काही कळायच्या आत त्यांनी घासणीने तो लख्ख करून टाकला. मग रंगाऱ्याला परत बोलवावं लागलं. त्याने तिथेच, तेवढाच डाग पुन्हा पाडून दिला. ही गोष्ट मराठी मंडळात कुणाला सांगायची नाही असं नवराबायकोत ठरलं, आणि बाळकाकांनी ती सगळ्यांना सांगितली.

अशा भिंतीसमोर फोडणी कशी करायची? म्हणून स्वयंपाक गॅरेजमध्ये गेला. पत्ते खेळायचं घडीचं टेबल, त्यावर विजेची कॉइलची शेगडी, कुकर, मिसळणाचा डबा, आणि वास बाहेर जावा म्हणून गॅरेजचं दार खालून वीतभर उघडं. गाडी बाहेर बर्फात. जानेवारीत काकू जाड कोट आणि कानटोपी घालून पोळ्या लाटायच्या, आणि बाळकाका त्या पोळ्या शालीखाली लपवून घरात आणायचे, निवू नयेत म्हणून. आतली सहा बर्नरची शेगडी मात्र दुकानातलं स्टिकरसुद्धा न काढता झळकत उभी होती.

मंडळातल्या बायका याला काकूंची नव्याची नवलाई म्हणत. त्यांचं चुकत होतं.

लग्नानंतर काकू पहिल्यांदा वूस्टरला आल्या तेव्हा दाबके एका तीनमजली लाकडी घरात, मधल्या मजल्यावर भाड्याने राहत. खाली मालकीणबाई. फोडणीचा चर्र आवाज होऊन वास सुटला की त्या खालून छताला झाडूचा दांडा ठोकत. काकू थंडीतही खिडक्या उघड्या टाकत, वास लागू नये म्हणून कोट पलंगावर नेऊन रजईखाली दडपत, तरी दांडा ठोकला जाईच. नाताळात मालकीणबाई स्वतः जिना चढून आल्या. हातात चमकीचा कागद गुंडाळलेली भेट होती. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी ती त्यांच्यासमोरच उघडली. आत खोलीतला वास घालवायच्या फवाऱ्याचा डबा होता. काकू 'थँक यू' म्हणाल्या. पुढे तीसेक वर्षं काकूंनी दोन घरं बदलली, मुलगा अमेय वाढवला, मंडळाच्या अध्यक्षही झाल्या, पण दारात परका माणूस आला की त्यांचं लक्ष आधी त्याच्या नाकाकडे जाई. त्या 'थँक यू'ची लाज अजून गेलेली नव्हती.

तेव्हा काकूंना हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी आपल्या स्वयंपाकघरात यावं आणि नाक न मुरडता म्हणावं, वा, हे अगदी बरोबर आहे. मंडळातल्या बायकांच्या म्हणण्याला अर्थ नव्हता, त्या स्वतःच कोट रजईखाली दडपणाऱ्या. म्हणावं ते कुणा खऱ्या इटालियन माणसाने. आणि तसं माणूस समोरच्याच घरात राहत होतं. मिसेस डिनार्डो, वय ऐंशीच्या पुढे, आईवडील इटलीहून आलेले. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी काकूंनी त्यांना कॉफीला बोलावलं.

त्या दिवशी गॅरेजला सुट्टी होती. बाळकाकांना सकाळीच ब्रेड देण्यात आला आणि पाहुण्या जाईपर्यंत शेगडी पेटणार नाही असं वचन घेण्यात आलं. आयुष्यभर लोकांना उपाशीपोटी ऑपरेशनला नेणाऱ्या माणसाला हे जमायला हरकत नव्हती.

मिसेस डिनार्डो काठी टेकत आल्या. भिंत पाहिली, द्राक्षं पाहिली, कोंबड्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. काकू वाट पाहत उभ्या.

"फार स्वच्छ आहे," मिसेस डिनार्डो म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या.

काकूंना कळेना हे बरोबर की चूक. त्यांनी बाहेरून विकत आणलेली कॉफी कपात ओतली. तेवढ्यात गॅरेजच्या बाजूने चर्र असा आवाज आला. बाळकाकांनी वरण लावलं होतं, आणि लसणाची फोडणी दिली होती. स्वयंपाकघर आणि गॅरेजमधल्या दाराच्या फटीतून वास सरळ टस्कनीत शिरला.

मिसेस डिनार्डोंनी नाक वर केलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"सॉरी, व्हेरी सॉरी," काकू उठून खिडकी उघडू लागल्या. "माझे मिस्टर... मी आत्ता बंद करते..."

पण पाहुण्या काठी घेऊन निघाल्याही होत्या. गॅरेजचं दार त्यांनी स्वतःच ढकललं. आत बाळकाका कोट घालून, हातात पळी घेऊन, पकडल्या गेलेल्या चोराच्या चेहऱ्याने उभे होते.

मिसेस डिनार्डोंनी ते टेबल पाहिलं, कुकर पाहिला, भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर पाहिलं. मग घडीची खुर्ची ओढून त्या ऐसपैस बसल्या.

"हं. मी मघापासून विचार करत होते, या बाईचं खरं किचन कुठंय?"

काकू दारातच थबकल्या.

"आमच्याकडे हे तळघरात होतं," मिसेस डिनार्डो म्हणाल्या. "वर एक किचन, पाहुण्यांना दाखवायला. लेसचे पडदे, चकचकीत शेगडी. आई शिजवायची खाली, बॉयलरशेजारी. आमचे सगळे नातेवाईक असंच करायचे."

"भिंती खराब होऊ नयेत म्हणून ना?" काकूंनी आशेने विचारलं.

"आई तसंच सांगायची." मिसेस डिनार्डोंनी पातेल्यावर वाकून एक श्वास घेतला. "आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा आमच्या स्वयंपाकाचा वास लागला की शेजारणी धडाधड खिडक्या लावून घ्यायच्या. शाळेत मला 'लसूण' म्हणायचे. मग आई खाली गेली, ती गेलीच. खाली एक वीतभर खिडकी होती, त्यातून रस्त्यावरचे बूट दिसायचे. आई वारल्यावर घर विकलं, तेव्हा घेणारे वरची शेगडी बघून खूश झाले. अगदी नवीन आहे म्हणाले. तिने त्यावर एक अंडंसुद्धा उकडलं नव्हतं." त्यांनी बाळकाकांकडे पाहिलं. "हे कशाबरोबर खातात?"

भाताबरोबर, असं बाळकाकांनी सांगितलं. भात तयार होता. मिसेस डिनार्डोंनी दोनदा वरण मागून घेतलं.

काकूंनी मात्र ताट बाजूला ठेवलं. त्यांची नजर गॅरेजच्या दाराखालच्या वीतभर फटीकडे गेली. बाहेरच्या बर्फातून कुणाचे तरी बूट चालले होते. काकूंना भयंकर राग आला. त्या मालकीणबाईचा आला, फवाऱ्याच्या डब्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तेव्हा दांडा तरी दुसऱ्याच्या हातात होता. आता आपलं घर, आपली शेगडी, आणि आपणच आपल्याला बर्फात काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कानटोपी खुंटीला अडकवली आणि मिसळणाचा डबा उचलून आत आणला. शेगडीवरचं स्टिकर नखाने खरवडून काढलं. सहापैकी मधला बर्नर पेटवला, कढईत तेल घातलं, मोहरी टाकली. मोहरी तडतडली, मग लसूण, मग हिंग, हळद. चिरलेला कोबी ओला होता, तो पडताच सगळी कढई खवळून उठली, आणि तीनशे वर्षं जुन्या दिसणाऱ्या भिंतीवर पिवळ्याधमक तेलाचे शिंतोडे उडाले.

वासाने बाळकाका धावत आले. भिंत पाहून त्यांचा चेहरा पडला. लगबगीने त्यांनी स्पंज ओला केला आणि डागांपुढे उभे राहिले. रंगाऱ्याचा कुठला आणि आत्ताचा कुठला, त्यांना काही समजेना.

"कांचन, यातला पुसायचा कुठला?"

काकूंनी मान वळवून पाहिलं. त्यांना मात्र एकेक डाग बरोबर ओळखू येत होता.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते माझे आहेत."

आणि त्यांनी कढईवर झाकण न घालताच भाजी परतायला घेतली.