मोजे घालून देवासमोर

मी घाटावरची, माणदेशातली. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. मावशीच्या ओळखीने भाट्याजवळच्या एका घरी कामाला आले, तेव्हा कोकणात रेल्वे यायची होती. घरात वहिनी आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. वहिनींचे यजमान, दादा, मालवाहू बोटीवर, वर्षाकाठी एकदा यायचे. सासूबाईंना मी आई म्हणायची. त्या मला ‘घाटी’ म्हणायच्या, पण जेवायला वाढताना हात आखडता घेत नसत.

दुसऱ्या पावसाळ्यात मला ताप भरला. ताप उतरला, पण अंगात जोर काही परत आला नाही. खोबरं किसायला बसले की हात मध्येच थांबायचे. रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखी वाटायची नाही. उभी राहिले की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे काळं यायचं आणि पावलं जांभळी पडायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात काही नाही, गावची आठवण येत असेल, म्हणाले. या दुखण्याला नाव आहे हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मला भीती एकच होती, हे लोक मला परत पाठवतील. आमच्याकडे दुष्काळी कामं चालू होती, आईबाप खडी फोडत होते. उभं राहवत नाही म्हणणाऱ्या पोरीला तिथे कोण बसून खायला घालणार होतं?

वहिनींना बाळंतपणापासून पायांच्या शिरांचा त्रास. मूल राहिलं नाही, शिरा राहिल्या. त्यासाठी दादांनी कुठल्याशा बंदरातून इलॅस्टिकचे मोजे आणले होते, मांडीपर्यंतचे, कातडीच्या रंगाचे. त्यातला एक जोड वहिनींनी मला दिला. पाय जमिनीला लावायच्या आधी, अंथरुणातच पावडर लावून ते चढवायचे. चढवतानाच दम लागायचा. पण त्यानंतर मी चुलीपुढे उभी राहू शकायची, भात होईपर्यंत तरी. थकवा होता तिथेच होता. पडणं तेवढं थांबलं. धुतले की ते मागच्या पडवीत सावलीला टाकायचे. संध्याकाळच्या उजेडात दोरीवर कुणाचे तरी पाय लोंबताहेत असं दिसे. आई तिकडे पाठ करून बसायच्या.

नवरात्र उलटलं आणि दादांच्या बोटीची खबर येईनाशी झाली. मुंबईच्या ऑफिसातून एवढंच कळायचं की वाट बघा. आईंनी माझ्या तापापासूनचे महिने बोटांवर मोजले आणि वहिनींना सांगितलं की हिच्या दुखण्यापासूनच घराला नाट लागलाय, ही पोर घरात ठेवायची की नाही, ते आता देवाला विचारायचं.

आमच्याकडे असा कौल नव्हता. इथे गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवळाच्या पायरीशी आईंनी माझे पाय बघितले आणि मोजे काढायला लावले. चपलेसारखंच ते, म्हणाल्या, परदेशातलं, कशाचं केलंय कोण जाणे.

गाऱ्हाणं लांबलं. गुरवाच्या एकेका वाक्याला माणसं ‘व्हय महाराजा’ म्हणत होती आणि मी त्या आवाजाला धरून उभी होते. पाय भरत गेले. कानात समुद्र आला. पाकळी पडायच्या आधी मीच पडले.

डोळे उघडले तेव्हा कपाळाला अंगारा होता आणि बायका माझ्या जांभळ्या पावलांना हात लावून नमस्कार करत होत्या. देवाने कौल द्यायला माझं अंग घेतलं, असं ठरून गेलं होतं. आईंनी घरी येऊन स्वतः मला पेज भरवली. आता मला घालवून द्यायचा प्रश्नच नव्हता. पण मोजे त्यांनी उचलून ठेवले, आणि पुढच्या पौर्णिमेला मला पुन्हा उभं करायचं, बोटीचं विचारायचं, असं गुरवाशी बोलून आल्या.

त्या दिवसांत माझ्याशी कोणी वाकडं बोललं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटे. मी भिंत धरून चालायची, आणि समोरून येणारी बाई थांबून वाट द्यायची.

पौर्णिमेला निघताना वहिनी माझ्या अंथरुणापाशी आल्या. हातात स्वतःच्या पायांतले मोजे होते. त्यांनी आईंसमोरच ते मला चढवले.

आई म्हणाल्या, “देवाच्या आड रबर घालतेस गो?”

“ती पडते ती पायांनी पडते, आई. ह्यांची खबर तिच्या पायांत नाही.”

“आणि देव रागावला तर? माझा झील पाण्यावर आहे.”

“माझा नवरा पण,” वहिनी म्हणाल्या.

गुरव मोज्यांसकट आत येऊ देईना. मग मी बाहेरच्या मंडपात, खांबाजवळ उभी राहिले. गाऱ्हाणं सुरू झालं. सगळी माणसं देवाकडे पाठ करून माझ्याकडे बघत होती, मी कधी पडते म्हणून. मी पडले नाही. घाम फुटला, जीभ कोरडी पडली, पण पाय धरून ठेवल्यासारखे जागेवर होते. गुरवाने दोनदा नव्याने पाकळ्या लावल्या. एकही हलली नाही. शेवटी तो म्हणाला की देव बोलत नाही, आणि समई सारखी करायला वळला.

माणसं पायऱ्या उतरली. डावी पडली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

घरी आईंनी पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तो येईपर्यंत राहा.”

वहिनींनी माझा हात दाबला. त्यांचे स्वतःचे पाय सुजले होते. मी राहिले, त्या घराचे उपकार मी आजही मानते. पण दुसऱ्या दिवसापासून आई माझ्या हातचं पाणी घेईनात. बंदराकडून कुणी येताना दिसलं की त्या आधी रस्त्याकडे बघत, मग माझ्याकडे, आणि मी आत जाऊन बसायची.