लुझोलोचे भरलेले गाल

न्सोनाच्या पायाला भिंगरी होती. पहाटे गाम्बेलाच्या बाजारात कसाव्याच्या कंदाचे, पानात गुंडाळून उकडलेले चिक्वांग मांडायचे, दुपारी कुणाचं लग्न जुळवायचं, संध्याकाळी कुणाचं भांडण मिटवायचं. भावाची पोरकी लेक लुझोलो तिनंच वाढवली. पोरगी मेली काटकुळी, आणि किन्शासात बारीक नवरी म्हणजे उपाशी घरची. म्हणून आत्याबाईंनी फेरीवाल्याकडून अंग भरायच्या गोळ्या आणल्या आणि कित्येक महिने तिला रोज चारल्या. गाल भरले, कंबर भरली. मुलासाठी मागणी घालायला आलेल्या लांडूबाई चारचौघांत म्हणाल्या, मुलगी खात्यापित्या घरची दिसते.

लग्न झालं, सासरीही लुझोलो त्या गोळ्या चोरून घेत राहिली, आणि न्सोनाच्या जिवाला घोर लागला. अशाच गोळ्या खाऊन एका शेजारणीचं तोंड सुजलेलं तिनं पाहिलं होतं. ती तडक लुझोलोच्या सासरी गेली, गोळ्यांचं पाकीट गुपचूप उचललं आणि संडासात टाकलं. एकदाची पीडा टळली म्हणून रात्री पोटभर जेवली.

आठवडा उलटायच्या आत निरोप आला, की पोरगी ओकतेय, उभी केली की कोसळतेय.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, काही औषध चालू होतं का. लांडूबाईंनी ठणकावून सांगितलं, आमची सून पहिल्यापासून धडधाकट. मलेरियाच असेल म्हणत नर्स कामाला लागली. न्सोना अंगणात गेली, आत आली, पुन्हा बाहेर गेली. बोलावं तर पोरीची सासरी शोभा होणार, गप्प राहावं तर पोरगी हातची जाणार. लुझोलोचे ओठ पांढरे पडले होते.

"गोळ्या चालू होत्या. अंग भरायच्या," ती दारातूनच म्हणाली. "मी द्यायचे. बंदही मीच केल्या."

नर्सनं मान वर केली. "एकदम बंद? अहो बाई, इतके दिवस घेतल्यावर त्या हळूहळू कमी करायच्या असतात. शरीराला त्यांची सवय लागते. एकदम तोडल्या तर माणूस दगावतं."

तिनं घाईघाईनं इंजेक्शन भरलं. लांडूबाईंनी सुनेच्या गुबगुबीत दंडाकडे पाहिलं आणि निघून गेल्या.

दुपार कलल्यावर लुझोलोनं डोळे उघडले. "सासूबाई कुठायत?"

"घरी गेल्या. मी त्यांच्यासमोर सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

नर्सनं ठेवलेली गोळी आणि पाण्याचा पेला न्सोनानं पुढे केला.

"तुझ्या हातनं नको, आत्या," लुझोलो म्हणाली. "नर्सला द्यायला सांग."

न्सोना पेला खाली ठेवून नर्सला बोलवायला गेली.