उंबऱ्याबाहेरचं बोट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे उंबऱ्यावर कुंकवाची बोटं लावतात. घरच्या बाईनं ओल्या कुंकवात बोट बुडवायचं, गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि एकेक बोट उमटवायचं. आजा, आजी, बाप, माय. मग पितरांची घागर भरायची, चुलीत घास टाकायचा आणि त्यानंतर आपण आमरसाला हात लावायचा.

माझी बायको एक बोट जास्त लावायची. तेही उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथं चपला काढतात तिकडे. त्याला नाव घ्यायची नाही. मी रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीपर्यंत जाणारा माणूस, घरी सणापुरता. एका वर्षी म्हटलं, "अगं, एक जास्त झालं."

"तुम्ही तुमचे घड मोजा," ती म्हणाली. "माझ्या उंबऱ्यात पाय घालू नका."

खरं सांगायचं तर मला त्याचं काही पडलेलं नव्हतं.

पौषात ती गेली. जळगावच्या दवाखान्यात होती. जायच्या आदल्या दिवशी जरा हुशारी आली, तेव्हा मला जवळ बोलावलं. वाटलं, नातीच्या लग्नाचं काही सांगेल. तर म्हणते, "आखाजीला ते बाहेरचं बोट चुकवू नका."

"पण कुणाचं आहे ते?"

"तुमच्या आईनं माझ्याकडून शपथ घेतली होती, घरात नाव घ्यायचं नाही म्हणून. फुईला विचारा."

पंचावन्न वर्षं एका बशीत चहा प्यालो आम्ही, आणि बाईनं पोटात एक माणूस लपवून ठेवला होता. राग आला. पण मरणाऱ्या माणसावर काय रागवायचं? हो म्हणालो.

ते एकच काम तिनं माझ्यावर टाकलं होतं. म्हणून चैत्रात एसटीत बसलो. फुई म्हणजे माझ्या बापाची धाकटी बहीण. नव्वदी ओलांडलेली, धुळ्याच्या पलीकडे एका खेड्यात असते. ओसरीत बाजेवर बसून तिचं लसूण सोलणं चाललं होतं. मला पाहून म्हणाली, "ये रे पोऱ्या." शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पोऱ्या म्हणणारं आता एवढं एकच माणूस राहिलंय.

बोटाचं विचारलं तर हातातला लसूण थांबला.

"तुना काका व्हता तो," ती म्हणाली. "मना मोठा भाऊ. तुना बापनी पाठवरना."

मला काका होता हेच मला ठाऊक नव्हतं! बापानं आम्हा पोरांना सांगून ठेवलेलं, मला भाऊ नाही. आणि फुई सांगते की दोघं भाऊ बरोबरच इंग्रजाच्या पलटणीत भरती झाले होते. घरी चार एकर कोरडवाहू आणि खाणारी तोंडं सात. बापाला ब्रह्मदेशाकडे धाडलं. काकाला सिंगापूरला. तिकडे जपान्यांनी काकाला कैद केलं आणि पुढे कैदेतले पुष्कळजण इंग्रजाविरुद्ध लढायला निघाले, त्यांच्यात काकाही गेला. म्हणजे एका मायचे दोन लेक, एक इकडून, एक तिकडून, त्याच जंगलात.

लढाई संपली. बाप पेन्शन घेऊन आला. काका वर्षभरानं आला, अंगावर नुसता सदरा. गावानं काकाला हार घातले. बापाला पारावर कुणीतरी गोऱ्यांचा कुत्रा म्हणालं. तेव्हापासून बाप पारावर गेला नाही, हे मात्र मला आठवतं. मी समजायचो, त्याला माणसं आवडत नाहीत.

"हार घालून काका घरी आला," मी म्हटलं, "मग?"

"तुना बाप दारमा उभा ऱ्हायना. घरमा येऊ दिन्हं नही त्याले."

आजीनं उंबऱ्यातूनच लेकाला पाणी दिलं. तो प्याला, तांब्या खाली ठेवला आणि निघून गेला. सुरतेकडे कुठल्याशा गिरणीत लागला. लग्न केलं नाही. काही वर्षांनी मेल्याचं कार्ड आलं. जिथवर तो आला होता तिथंच आजीनं बोट लावलं. आजीनंतर माझ्या मायनं, मायनंतर माझ्या बायकोनं.

मला बापाचा संताप आला. म्हटलं, "पेन्शन जाईल म्हणून भ्याला का?"

फुईनं मला झापलं. "येडा शे का तू?" मग हळू आवाजात सांगितलं. मरायच्या आदल्या वर्षी बाप तिच्याकडे येऊन रडला होता. ब्रह्मदेशात एका नाल्याच्या पल्याड शत्रूची माणसं होती. अंधारात पल्याडहून शिवी आली, ती आपल्या अहिराणीत. बापाला कळलं, हा आपल्याकडचाच कुणीतरी आहे. कदाचित भाऊच. आणि कळूनही त्यानं त्या आवाजावर गोळी झाडली. काका जिवंत परत आला, हसत दारात उभा राहिला, आणि बापाला त्याच्याकडे पाहवेना. घालवून दिला तो रागानं नाही. लाजेनं.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत एकच गोष्ट आठवत बसलो. बापाला मी कधी एक गोड शब्द बोललो नव्हतो.

आखाजी आली. बायकोचं पहिलं वर्ष, म्हणून अजून बोट नाही, तिच्या नावाचं डेरगं भरलं, त्या मोठ्या माठावर तिच्या आवडीचं खरबूज ठेवलं. सून उंबऱ्याशी बसली. चार बोटं झाली, तशी मान वर करून म्हणाली, "आबा, पाचवं बाहेरच लावू ना?"

मी म्हटलं, "सरक." गुडघे धरून खाली बसलो. पुरुष माणूस हे करत नाही, शेजारीण बघत होती, बघू दे. कुंकवात बोट बुडवलं. काकाचं नाव मोठ्यानं घेतलं, इतकं की सून दचकली. आणि बोट आत लावलं, बापाच्या बोटाला चिकटून.

बायकोनं बाहेर सांगितलं होतं. तिचं मी जन्मात कधी धड ऐकलं नाही, तर आता काय ऐकणार.

मग डेरग्यापुढे जाऊन बसलो. तिला सांगितलं, चुकवलं नाही गं. नुसती जागा बदलली.